उत्तरेच्या समुद्रातील सात रात्री : एक जमाखर्च

बँकेतून निवृत्त झालेला माणूस परदेशातून परतला की परिचित मंडळी त्याला हमखास दोन प्रश्न विचारतात : खर्च किती आला आणि पैसे वसूल झाले का? गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सौ. आणि मी कॅनडातील व्हँकुव्हर बंदरातून निघून अलास्काच्या किनाऱ्याची सात रात्रींची क्रूझ केली. परतल्यावर समाजातील चार-पाच कुटुंबांनी तेथे जाण्याचा मनोदय बोलून दाखविला आणि नीट लिहून द्यावे असा आग्रह धरला. स्थळांची वर्णने माहितीपत्रकांत पुष्कळ सापडतात. म्हणून येथे वर्णनापेक्षा परीक्षणावर भर देतो.

परीक्षणाचा माझा मापदंड बँकेचा, सौ.चा वेगळा. आमचा मुलगा कॅनडात असल्यामुळे तिने दिशापरिमाण व्रतात तेवढी मोकळीक पूर्वीच ठेवलेली होती. मुलाने ही क्रूझ सुचविली तेव्हा ती म्हणाली, "अहो, सहाव्या व्रताची मला चिंता नाही, सातव्याची आणि आठव्याची वाटते." श्रावकाच्या बारा व्रतांतील सातवे भोगोपभोगपरिमाण आणि आठवे अनर्थदंडविरमण. ज्या जहाजावर सकाळपासून रात्रीपर्यंत खाणे, खेळ आणि खरेदी चालते, तेथे आपल्यासारख्यांनी जावे काय, हा तिचा सरळ प्रश्न होता. दुसरीकडे, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला डोंगरवाटा चढणे शक्य राहिलेले नाही. बसल्या जागी हिमपर्वत पाहता येतील असा दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता. अखेर "जाऊन पाहू, पण डोळे उघडे ठेवून" या अटीवर ती तयार झाली.

प्रथम हिशेब. क्रूझचे जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष खर्च यांत जो फरक असतो, तो कर्जाच्या दर्शनी व्याजदरात आणि प्रभावी व्याजदरात असणाऱ्या फरकासारखाच आहे. भाड्यात खोली, साधे भोजन आणि प्रवास येतो. बंदराचे कर, कर्मचाऱ्यांसाठी माणशी दररोज आपोआप आकारली जाणारी बक्षिसी, इंटरनेट आणि प्रत्येक बंदरावरील सहली यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. भारतातून जाणाऱ्यास विमानभाडे आहेच. शिवाय कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. आमच्या बाबतीत विमानभाडे सोडून झालेला एकूण खर्च मूळ भाड्याच्या पावणेदोनपट झाला. तेव्हा भाडे पाहून अंदाजपत्रक करू नये. भाड्याची दुप्पट धरून करावे.

आणखी एक गोष्ट जाण्यापूर्वी समजून घ्यावी. सिॲटलहून निघणारी जहाजे सामान्यतः व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या प्रशांत महासागरातून जातात. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील अरुंद जलमार्गातून जातात. याच मार्गाला इनसाइड पॅसेज म्हणतात. पाणी शांत असते आणि दोन्ही हातांना देवदारासारख्या वृक्षांचे घनदाट अरण्य उतरत आलेले दिसते. ज्यांना बोट लागते त्यांनी हाच मार्ग निवडावा. या मार्गावर सीमोर नॅरोज नावाची चिंचोळी खिंड आहे. तिच्या मध्यभागी पाण्याखाली असलेल्या रिपल रॉक या खडकाने शंभराहून अधिक जहाजांचे नुकसान केले होते. अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, सुमारे १,२७० टन स्फोटके भरून त्याचे शिखर उडविण्यात आले. तरीही भरती-ओहोटीचा प्रवाह मंदावण्याची वेळ साधूनच मोठी जहाजे तेथून जातात. सहस्रावधी प्रवाशांचे ते अजस्र जहाज पाण्याची आज्ञा पाळून वेग आवरते, हे पाहून मनाला समाधान वाटले.

आता आहाराविषयी, कारण आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न हाच असणार. आरक्षणाच्या वेळीच जैन आहाराची लेखी नोंद करावी आणि जहाजावर पोहोचताच भोजनगृहाच्या प्रमुखास भेटावे. आम्हाला दुसऱ्या दिवशीचे पदार्थ आदल्या दिवशी विचारले जात आणि कांदा, लसूण, कंदमुळे वगळून वेगळे शिजवून मिळे. बुफेत मात्र सावध असावे. सूपमध्ये मांसाचा अर्क, गोड पदार्थांत जिलेटिन, केकमध्ये अंडे आणि तळणीत माशांचेच तेल असण्याचा संभव असतो. घरून नेलेले खाकरे आणि बंद पाकिटातील कोरडा खाऊ आम्हाला फार उपयोगी पडला. जहाजावरील फळे किंवा ताजे अन्न बंदरावर उतरवता येत नाही.

चौविहाराची गंमत निराळी. मेच्या अखेरीस तेथे सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर होतो. शेजारच्या टेबलावरील गुजराती दांपत्य हसून म्हणाले, "येथे नऊ वाजता जेवले तरी व्रत मोडत नाही." सौ. रोज साडेपाचच्या पहिल्या पंगतीस जेवली आणि सहा वाजता पच्चक्खाण घेतले. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "सूर्य मावळला नाही म्हणून जिभेला सुट्टी द्यायची का?" यावर मला उत्तर सुचले नाही.

बुफेतील नासाडी हा या प्रवासातील सर्वांत खेदजनक भाग होय. डोंगरासारखी भरलेली ताटे अर्धी टाकून लोक उठत. आपल्या घरच्या रीतीप्रमाणे सौ.ने पहिल्याच दिवशी ताटलीत थोडे पाणी घालून ती धुऊन प्यायली. टेबल आवरणारा तरुण क्षणभर थांबला आणि मराठीत म्हणाला, "काकू, तुम्ही जैन ना? आमच्या गावच्या शेटजींच्या घरी आई काम करायची, तिथे पाहिलंय." तो रत्नागिरी जिल्ह्यातला निघाला. जहाजावर गोव्याचे आणि कोकणचे आणखी काही जण होते. नऊ महिन्यांचा करार, रोज दहा-अकरा तासांचे काम आणि सुट्टीचा वार नाही. कोकणातील शाखेत असताना अशा मुलांची परदेशातून येणारी रक्कम मी वर्षानुवर्षे खात्यांत जमा करवून घेतली होती. ती रक्कम कोठे आणि कशी मिळविली जाते, हे त्या टेबलापाशी प्रथमच पाहिले. ती दररोजची बक्षिसी मला त्यानंतर जड वाटली नाही.

बंदरांपैकी केचिकन सामन माशांसाठी आणि पावसासाठी प्रसिद्ध आहे. मासेमारीच्या सहली आम्ही अर्थातच घेतल्या नाहीत. तेथे बेटावरील आदिवासींचे उंच कोरीव स्तंभ आवर्जून पाहावेत. अलास्काची राजधानी जुनो हिला बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही रस्ता नाही; तेथे जलमार्गाने किंवा विमानानेच पोहोचता येते. लोकवस्ती सुमारे बत्तीस हजार आणि एका मोसमात क्रूझने येणारे प्रवासी सोळा लाखांहून अधिक! म्हणून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याची मर्यादा गावाने घातली आहे. एका जवाहिऱ्याच्या दुकानात हिंदी ऐकू आली. व्यवस्थापक म्हणाले, "पाच महिन्यांत बारा महिन्यांचे भाडे काढायचे असते." आपल्या व्यापारी वाचकांना यावरून तेथील किमतींचे रहस्य कळेल. आम्ही काही घेतले नाही.

व्यापाऱ्यांनी खरे लक्ष द्यावे असे गाव म्हणजे स्कॅगवे. १८९७ मध्ये क्लोंडाइक येथील सोन्याची वार्ता पसरली आणि सुमारे एक लाख माणसे घरे सोडून निघाली. त्यांपैकी तीस-चाळीस हजार तेथवर पोहोचली. सोने सापडले ते सुमारे चार हजारांना. या धामधुमीत अनेक शोधकांपेक्षा त्यांना पीठ, फावडी आणि दोर विकणाऱ्यांनीच अधिक कमावले. कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्याशिवाय कोणास सीमेपलीकडे जाऊ देत नसत. साधारण एक टन वजनाचे ते सामान वाहण्यासाठी घोडे लागले. व्हाइट पासच्या वाटेवर अतिश्रमाने आणि उपासमारीने सुमारे तीन हजार घोडे मेले. आज त्याच घाटातून, सुमारे वीस मैलांत जवळपास २,९०० फूट चढणारी अरुंद रेल्वे प्रवाशांना नेते आणि त्या मुक्या प्राण्यांच्या स्मरणाचा फलकही तेथे आहे. डब्यात सर्वजण धबधब्यांची छायाचित्रे घेत होते. सौ. दरीकडे पाहत नवकार म्हणत होती. परिग्रहाच्या दुष्परिणामांवर अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्या दरीत त्यांचा अर्थ समोर दिसला.

सहाव्या दिवशी ग्लेशियर बे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे अधिकारी लहान नौकेतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. त्या दिवशी आमच्या जहाजावरील जुगारखाना बंद होता, गाणी बंद होती. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या मोहिमेला हा उपसागर जवळजवळ बर्फानेच भरलेला आढळला. १८७९ मध्ये निसर्गतज्ज्ञ जॉन म्यूर आले तेव्हा बर्फ तीस मैलांहून अधिक मागे हटले होते आणि १९१६ पर्यंत मुख्य हिमनदी सुमारे साठ मैल मागे गेलेली होती. त्याआधी हेच बर्फ पुढे सरकले तेव्हा तेथील हूना त्लिंगिट लोकांना आपली वसाहत सोडावी लागली होती. ज्याला आपण अचल समजतो, तेही सरकत असते.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबले. सुमारे एक मैल रुंद आणि पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच अशी निळसर भिंत समोर होती. बर्फ दाबाने इतके घट्ट होते की ते प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते, म्हणून निळे दिसते. मधूनच एखादा कडा कोसळे. आधी दृश्य दिसे आणि मग गडगडाट ऐकू येई. सहस्रावधी माणसे डेकवर असूनही कोणी बोलत नव्हते. सौ. शाल पांघरून खुर्चीत बसली होती. तिने तेथेच सामायिक घेतले. अठ्ठेचाळीस मिनिटांत तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही, इतकी तेथील शांतता स्वाभाविक होती.

परतताना देवमासे दिसले. ही कुबडाची जात उन्हाळा येथे खाण्यात घालविते आणि हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात जाऊन महिनोन्महिने बहुतांशी निराहार राहते. हे ऐकून सौ. प्रसन्न झाली. "म्हणजे यांचेही वर्षी तप असते," ती म्हणाली.

आता निर्णय. जहाजाच्या दिमाखासाठी हा खर्च योग्य नाही. खाणे, नाचगाणे आणि खरेदी यांसाठी जायचे असेल तर अन्यत्र कमी पैशांत होते. परंतु ज्यांचे पाय थकले आहेत, आणि ज्यांना पर्वत, अरण्य आणि बर्फ यांच्यासमोर स्वस्थ बसायचे आहे, त्यांच्यासाठी हा प्रवास मोलाचा आहे. ग्लेशियर बेचा दिवस असलेलीच फेरी निवडावी. मे आणि जूनचा पूर्वार्ध उत्तम : पाऊस तुलनेने कमी असतो आणि चातुर्मासाआधी घरी परतता येते. आतली खोली घेऊन पैसे वाचवावेत. पाहायचे असते ते डेकवर.

सौ.चा निर्णय तिच्या वहीत आहे. परतल्यावर तिने भोगोपभोगपरिमाणात पुढील पाच वर्षे सहलीसाठी परदेशप्रवास न करण्याचा नियम घेतला, आणि न घेतलेल्या सहलींचे वाचलेले पैसे पांजरपोळीस द्यावेत असे सुचविले. धनादेशावर सही मी केली. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असे विचारले, तर म्हणाली, "स्कॅगवेचे घोडे."