विळा बुडवून पाहावा

ऐंशीच्या दशकात आमच्या निफाडकडच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करणं म्हणजे घरचं कार्यच असे. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायचं, चुना वेगळा विरवायचा. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. हे प्रमाण आबांना झोपेतही पाठ होतं. तरी पंपात भरण्याआधी ते घासून लख्ख केलेला विळा त्या निळ्या पाण्यात बुडवत आणि पातं उन्हात धरत. त्यावर तांबूस झाक आली की म्हणत, "चुना कमी पडला. आण अजून."

"आबा, मोजून घातलाय ना!"

"मोजून घातलास रे, पण चुना कसा निघाला ते मापाला काय ठाऊक?"

अडलंनडलं तर विचारायला माणसं होती. बागायतदार संघाच्या चर्चासत्राला आबा वही घेऊन जात. पलीकडच्या गावचे एक अण्णा फटफटीवरून येत. आल्या आल्या औषधाचं नाव घेत नसत. छाटणी कधीची? पाऊस कधी पडून गेला? काल काय मारलंत? माणसं चुकतही. कधी दुकानदाराचा सल्ला त्याच्या फळीवर पडून राहिलेल्या बाटलीकडे बघून निघे, तेही आम्ही भोगलंय.

आता पुतण्याच्या खिशात एआय आहे. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचं कौतुक वाटतं. एकरी डोसवरून टाकीचा हिशेब, इंग्रजी रेसिड्यू रिपोर्टचं मराठी, सगळं रात्री अकरालाही न कुरकुरता मिळतं.

मागे ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या तोंडावर पाऊस झाला आणि पानांवर पिवळे डाग दिसू लागले. पुतण्यानं फोटो टाकला. उत्तर आलं: मॅग्नेशियमची कमतरता. सोबत फवारणीचं प्रमाण, तेही नीटनेटकं. तो टाकी भरायला निघाला. मी एक पान उलटलं. खाली पांढरी लव. डाऊनी, म्हणजे केवडा! फोटो वरच्या बाजूचा होता. खालची बाजू एआयनं मागितली नाही, आम्ही दाखवली नाही. या अवस्थेत डाऊनी सुटला, तर पानांवर थांबत नाही, घडच घेऊन जातो.

सल्लागारांना बोलावलं. ते वेलीखाली वाकले आणि अण्णांचेच प्रश्न विचारू लागले. जाताना औषध लिहून दिलं, ते मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही लिहिलं. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून हा दिवसांचा हिशेब कोणी विसरत नाही. शिवाय सल्ला चुकला, तर पुढच्या हंगामात त्यांना याच बांधावर तोंड दाखवायचं असतं. मोबाइलला ती लाज नाही.

तेव्हा हिशेब, भाषांतर, एखाद्या रोगाची माहिती एआयला खुशाल विचारा. पण पंप सुरू करायचा असेल, तर आधी बाग डोळ्यांनी पाहिलेल्या जाणकाराला विचारा. निर्यातीचा माल असेल, तर औषधाचं नाव पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीशी ताडून घ्या. उत्तर कितीही मोजून दिलेलं असो, टाकी भरण्याआधी विळा बुडवून पाहावा.