कठड्यावरचे ऊन

गिरगावातल्या ठाकूरद्वार नाक्यावरून पश्चिमेला निघाले की महर्षी कर्वे रस्ता, रेल्वेचे रूळ, जिमखान्यांची मैदाने आणि मग मरीन ड्राइव्हचा कठडा, एवढी ही वाट. रमतगमत गेले तरी पाव तासाची. मार्गशीर्षापासून माघापर्यंत या वाटेवरचे ऊन अंगावर घ्यावेसे वाटते. मुंबईच्या थंडीला थंडी म्हणावे का, हा वाद पुणेकरांवर सोपवावा. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी कुलाब्याला जानेवारीतली पहाटसुद्धा अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास असते. तेवढ्यावरही ठाकूरद्वारजवळच्या फणसवाडीत कानटोप्या बाहेर निघतात.

हा किनारा चालण्यासाठी मुळात नव्हताच. कॅम्प मैदानात गुरे चारण्यावर इंग्रज सरकारने कर बसवला, तेव्हा १८३८ साली जमशेटजी जीजीभाई यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारजवळची समुद्राकाठची गवताळ जमीन घेतली आणि गुरांना मोकळी करून दिली, अशी हकीकत सांगतात. चरणीची जागा म्हणून पुढे स्टेशन झाले चर्नी रोड. रूळ पडले तेव्हा समुद्र त्यांच्या बराच जवळ होता. केनेडी सी-फेस या नावाने किनाऱ्याला बांध घालण्याचे काम १८ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाले आणि १९२० मध्ये संपले. त्याच वर्षी १ ऑगस्टला, भर पावसात, लोकमान्य टिळकांवर गिरगाव चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार झाले. मरीन ड्राइव्ह आणि त्यावरच्या आर्ट डेको इमारती त्यानंतरच्या. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले.

या इमारतींचा उन्हाशी थेट संबंध आहे. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचे ऊन पाठीमागून येते. चर्चगेटच्या बाजूला इमारतींची सलग रांग आहे, तिथे हिवाळ्यात साडेआठपर्यंत पदपथ सावलीतच राहतो. ठाकूरद्वारसमोर मात्र हिंदू, पारशी, इस्लाम अशा जिमखान्यांची मैदाने मोकळी आहेत, म्हणून तिथल्या कठड्याला ऊन लवकर लागते. त्याआधी ते समोरच्या मलबार हिलवर पडलेले असते. वाऱ्याचेही वेळापत्रक आहे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. हे मतलई वारे. जमीन तापली की खारे वारे उलट दिशेने येतात. हिवाळ्यात ते उशिरा सुटतात आणि फारच रेंगाळले तर दुपारी घामाच्या धारा लागतात.

ठाकूरद्वारच्या माणसाचे वय त्याच्या फेरीच्या वेळेवरून ओळखता येते. पाच-सहा वर्षांचे पोर नाताळच्या सुट्टीत दुपारी चारला निघते. त्याला पदपथ नको असतो. ते कठड्यावरून चालते आणि बाप खालून हात धरून चालतो. १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अशा मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना मासे दाखवले. मासे, वाळूतला किल्ला आणि भेळ, हा क्रम ठरलेला असे. भेळ संपेपर्यंत सूर्य पाण्याला टेकतो. हे दृश्य बारमाही नाही, हे फार थोड्या गिरगावकरांच्या लक्षात येते. उन्हाळ्यात चर्नी रोडसमोरून पाहिले तर सूर्य मलबार हिलमागे जातो. उघड्या समुद्रात बुडताना दिसतो तो थंडीतच, कारण तेव्हा तो बराच दक्षिणेकडे सरकलेला असतो.

कॉलेजच्या वयात ही वेळ संध्याकाळची होते. खोलीत अभ्यासाला कोपरा नसतो, म्हणून कठड्यावर पुस्तक उघडले जाते. ते किती वाचले जाते हा भाग निराळा. दोघे असतील तर रस्त्याकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड. शिवाय ती दोघे मरीन ड्राइव्हवरचा उड्डाणपूल ओलांडून चर्चगेटच्या बाजूला बसतात, कारण त्याच्या अलीकडे दर दहा पावलांवर वाडीतले कुणीतरी भेटते.

चाळिशीत माणूस सकाळी सहाला येतो. नळाचे पाणी भरून झालेले असते आणि पुढे गाडी गाठायची असते. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, त्यामुळे भर हिवाळ्यात चालूनही त्याच्या वाट्याला ऊन येत नाही. परतताना समोरच्या टेकडीवर ते दिसते, इतकेच. घरातल्या बाईच्या वाट्याला तर तेही बराच काळ नव्हते. ती चौपाटीवर यायची ती मुलांना नाहीतर पाहुण्यांना घेऊन. एकटीने, साडीवर कॅनव्हासचे बूट घालून, कुणाची सोबत नसताना चालणे गिरगावात अलीकडचे आहे, आणि या किनाऱ्यावरचा तो सर्वांत चांगला बदल म्हणावा लागेल.

निवृत्तीनंतर वेळ नऊची. तेव्हा चालणे नावापुरते उरते. ऊन पाठीवर घेऊन बसायचे, गाठ्यांवर झेपावणारे कुरव पाहायचे. हे पक्षीही हिवाळ्याचेच पाहुणे. चाळी पडून टॉवर उठल्यावर डोंबिवली, बोरिवलीला गेलेले जुने शेजारी एखाद्या रविवारी इथेच भेटतात. त्यांची वाडी उरलेली नसते, म्हणून भेटीची खूण कठडा. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा रस्ता सुरू झाल्यापासून मलबार हिलखालच्या बोगद्यातून मोटारी इथेच बाहेर पडतात. वारा पडला की धूळ आणि धूर खालीच कोंडतात. काही सकाळी तर टेकडीवरच्या इमारती पुसट होतात. म्हातारी माणसे याला धुके म्हणतात. ते धुरके आहे.

रथसप्तमीच्या सुमारास चर्नी रोडसमोरून मावळता सूर्य मलबार हिलच्या झाडीमागे जाऊ लागतो. नऊचे ऊन टोचायला लागते आणि निवृत्तांची बैठक आठवर येते.