विदूषकाचे ऐकणारे

संस्कृत नाटकातल्या विदूषकाशी मराठी रसिकाची ओळख बहुधा शाळकरी वयात होते आणि तेव्हा तो निव्वळ हसण्याचा विषय असतो. भरताच्या नाट्यशास्त्राने त्याला ठेंगणा, कुबडा, पुढे दात आलेला आणि टकला ठरवले. हाती कुटिलक, म्हणजे वाकडी काठी दिली आणि ब्राह्मण असूनही तोंडी संस्कृतऐवजी प्राकृत, म्हणजे लोकांची बोली घातली. नायकाच्या रक्षणाला इंद्र आणि नायिकेच्या रक्षणाला सरस्वती नेमणारे हेच शास्त्र या मोदकप्रिय गृहस्थाच्या रक्षणाला साक्षात ओंकार नेमते, हे मात्र त्या वयात कोणी सांगत नाही.

तारुण्यात ‘मालविकाग्निमित्रा’तला गौतम जवळचा वाटतो, कारण सर्पदंशाचे सोंग करून तो राणीची नागमुद्रेची अंगठी मिळवतो आणि कोंडलेल्या मालविकेची सुटका करवतो. ही चलाखी झाली; शहाणपण भेटते ते ‘शाकुंतला’तल्या माढव्यात, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून तो इथल्या प्रेक्षकाच्या घरचाच झाला आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत त्याच्यापाशी शकुंतलेवरचे प्रेम बोलून दाखवतो. पण त्याला राजधानीत धाडताना हा अंतःपुरात बोलून बसेल या धास्तीने ते सारे थट्टेतले होते, असे सांगून मोकळा होतो. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते, तेव्हा माढव्य रुसलेल्या हंसपदिका राणीची समजूत घालायला गेलेला असतो. दुर्वासाच्या शापाने विसर पडला तो राजाला, माढव्याला नव्हे. तरी पुढे, शकुंतलेची आठवण का दिली नाहीस, असा जाब राजा विचारतो, तेव्हा आपण मातीच्या डोक्याचे, म्हणून थट्टा खरी मानली, असे तो म्हणतो. कालिदासाने कथानकाची सोय पाहिली, हे खरेच. पण ज्याचे सगळेच बोलणे हसण्यावारी न्यायचे, त्याला राजाने आपले खोटे मात्र खरे मानायला लावावे, ही विसंगती उतारवयातच बोचते.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त हे आणखी जिव्हारी लागते. दारिद्र्यात चारुदत्ताला न सोडणारा मैत्रेय गणिकेचा नाद सोडण्याविषयी त्याला परोपरीने विनवतो. वसंतसेनेच्या मनाविषयी त्याचा अंदाज साफ चुकतो, संकटाविषयीचा चुकत नाही. नवव्या अंकात, तिच्या खुनाचा आळ मित्रावर आलेला पाहून तो भर न्यायसभेत हा आळ घेणाऱ्या शकाराशी झटापट करतो, आणि तिला परत करायचे दागिने त्याच्याच काखेतून खाली पडून चारुदत्ताविरुद्धचा पुरावा होतात. त्या गोंधळात, खरे काय ते सांगून का टाकत नाहीस, असे तोच मित्राला विचारतो. मात्र हा प्रश्न तो जनांतिक करतो, म्हणजे हाताचा आडोसा धरून अशा रीतीने, की नाट्यसंकेतानुसार तो प्रेक्षकांना ऐकू यावा आणि रंगमंचावरच्या न्यायाधीशांना येऊ नये.