मानेसाठी परळवारी

परळला मी जायचो ते फक्त ऑफिसला. गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला काचेचा टॉवर, एसी आणि लॅपटॉपवर वाकलेली मान. एक दिवस मानेतून कळ निघाली ती थेट अंगठ्यापर्यंत! मुंग्या, जळजळ, झोप गायब. त्यात सलूनवाल्याने मसाजच्या नादात मान कडकन मोडली आणि दुखणं डबल. (हा प्रकार चुकूनही करू नका. मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते.) एमआरआय म्हणाला, मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दबलीय. माझ्या डोक्यात एकच शब्द : ऑपरेशन!

मग एका सकाळी ऑफिसऐवजी स्टेशनच्या पूर्वेला उतरलो. टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबं बघितली आणि स्वतःचं दुखणं थोडं लाजलं. शेजारीच केईएम, १९२६ पासूनचं. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा १९५३ साली इथेच सुरू झाली.

डॉक्टरांनी हाताची ताकद तपासली, चालायला लावलं. म्हणाले, ‘ताकद शाबूत आहे, मग घाई कशाला? बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं.’ थोडे दिवस गोळ्या आणि रोज व्यायाम. पट्टा लावलाच तर मोजके दिवस, नाहीतर स्नायू आळशी होतात. ट्रॅक्शनने काहींना आराम पडतो. एवढ्यानेही भागलं नाही तर नसेजवळ इंजेक्शन. पण तो आराम बऱ्याचदा तात्पुरता आणि मानेत धोकाही असतो, म्हणून विचार करूनच.

‘दादा, हनुवटी मागे. खाली नाही, मागे!’ फिजिओथेरपिस्ट ओरडत होती. बाकावर शेजारी भाजी मार्केटमधले एक हमालमामा. म्हणाले, ‘आमच्या डोक्यावर पाटी असते. तुमच्या डोक्यावर काय हो?’ काय सांगणार? पाच किलोचं डोकंच! ते जेवढं पुढे झुकवाल, तेवढा मानेवर भार.

दोन महिने नेमाने व्यायाम केला. कळ गेली, मुंग्या अधूनमधून येतात. पण हातातून वस्तू पडायला लागल्या, शर्टाची बटणं लागेनात, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

परवा संध्याकाळी परळच्या पुलावर सगळे माना खाली घालून मोबाइलमध्ये. मी मान वर केली, तर टॉवरच्या गर्दीत गिरणीची जुनी चिमणी! इतकी वर्षं याच पुलावरून जातोय, पण कधी दिसलीच नव्हती.