वडिलांचे दोन ट्रॅक्टर

आमचे वडील सन २०२२ च्या मृगात वारले. त्यांच्यामागे कृष्णाकाठची साडेतीन एकर जमीन, एक जाड वही आणि गोठ्याशेजारच्या छपरात उभे असलेले दोन ट्रॅक्टर एवढीच इस्टेट उरली. जमिनीची वाटणी आम्हां दोघां बंधूंत सहज झाली. लोखंडाची मात्र होईना. धाकटे बंधू गावी राहून ऊस करतात. ते म्हणाले, "दादा, तुम्ही साताऱ्यास शाळेत असता. जागा अडते ती माझी. भंगारवाला वजनावर दर देतो आहे, देऊन टाकू." त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते. बारा वर्षे ती यंत्रे जागची हलली नव्हती, आणि कोंबड्यांनी एकाच्या बैठकीखाली बिऱ्हाड थाटले होते.

आमच्या विद्यार्थ्यांस वाटते की ट्रॅक्टर म्हणजे विहिरीसारखा गावात पूर्वापार असावयाचाच. परंतु सांगली-साताऱ्याच्या काळ्या रानात बैलांच्या अनेक जोड्या जुंपल्यावाचून खोल नांगरट होत नसे. सन १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला. त्यांचे लोखंडी नांगर प्रथम निघाले तेव्हा, लोखंडाने जमीन विषारी होते, या भयाने शेतकरी ते घेण्यास कचरत असत. पुढे तोच नांगर घरोघर गेला. मग १९७२ चा दुष्काळ आला. चाऱ्यावाचून दावणी रिकाम्या झाल्या, बैल कवडीमोलाने बाजारात गेले. त्यानंतर दोन वर्षांनी वडिलांनी भूविकास बँकेचे कर्ज काढून पहिला ट्रॅक्टर आणला. साडेतीन एकरांस ट्रॅक्टर कशाला, असे लोक म्हणत. पण त्यांचा विचार दुसऱ्यांची राने भाड्याने नांगरून हप्ते फेडण्याचा होता, आणि ते त्यांनी फेडले.

हा पहिला ट्रॅक्टर महिंद्र कंपनीचा बी-२७५, चार सिलिंडरांचा, पस्तीस अश्वशक्तीचा. मूळचा नमुना इंग्लंडातील; महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सन १९६३ मधील भागीदारीतून तो पुढे मुंबईस तयार होऊ लागला. दुसरा एच.एम.टी. झेटर २५११, दोन सिलिंडरांचा, पंचवीस अश्वशक्तीचा. 'झेटर' या नावाची गंमत अशी की, झेकोस्लोव्हाकियातील बर्नो येथील झ्ब्रोयोव्का कारखान्याच्या आद्याक्षराचा उच्चार 'झेट', आणि 'ट्रॅक्टर' शब्दाची शेवटची दोन अक्षरे, यांची ती सांगड आहे. आपल्याकडे हे यंत्र हरियाणातील पिंजोर येथे १९७१ पासून होऊ लागले. तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे बी-२७५ चे सुटे भाग अजून मिळतात, झेटरचे मात्र शोधावे लागतात.

निकाल लागला तो वहीमुळे. तीत वडिलांनी कोणाचे रान किती तास नांगरले ते लिहून ठेवले होते. बहुतेक ओळींपुढे रक्कम व 'पोचले' असा शेरा. काही ओळींपुढे मात्र केवळ 'पुढे' एवढाच शब्द. हे 'पुढे' आम्ही मोजले तेव्हा एकेचाळीस भरले. बंधू म्हणाले, "ही येणी वसूल केली तर दुरुस्तीचा खर्च निघेल, मग ठेवू." आई पदराने चष्मा पुसत होती. ती म्हणाली, "त्यांनी हयातीत मागितले नाहीत, ते तुम्ही मागायचे नाहीत. ट्रॅक्टर विकायचे तर विका." बंधू उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच छपरातील कडबा बाजूस काढला आणि कोंबड्या हुसकल्या.

कराडचे एक वृद्ध मिस्त्री दर रविवारी येऊ लागले. बी-२७५ चे इंजीन गंजून जाम झाले होते. मिस्त्रींनी चारही नोझल काढून त्या भोकांतून सिलिंडरांत डिझेल व रॉकेल ओतले आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. आमच्या बंधूंस पहारीने झटका देण्याची फार घाई, मिस्त्री म्हणाले, "साहेब, गंज ऐकतो, पण सावकाश." नवव्या दिवशी फ्लायव्हील बोटभर हलले. पुढे डिझेल पंप सांगलीस नेऊन तपासून आणला, रिंगा व गॅस्केट नवी घातली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवाच इतकी तापते की तीत उडालेले तेल पेट घेते. म्हणून तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझलमधून तेल उडत नाही. ती हवा काढण्यात आमचा एक पूर्ण रविवार गेला. अखेर इंजिनाने काळ्या धुराचा लोट सोडला, दोनदा खोकले आणि चालू झाले. आई ओसरीवर येऊन उभी राहिली. काही बोलली नाही.

कागदपत्रांचे काम त्यामानाने सोपे. मालक मृत झाल्यास वारसाने परिवहन कचेरीत ३१ क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करावयाचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. नाव बंधूंचे लाविले, कारण चालविणार ते.

आवाज गावात गेला तसा एक गृहस्थ आले. वहीत त्यांचे नाव 'पुढे' असे होते, सन १९९१ चे. ते पैसे घेऊन आले होते. आईने घेतले नाहीत. तेव्हा ते झेटरकडे गेले, तरुणपणी याच यंत्रावर आपण वडिलांच्या हाताखाली चालक होतो असे म्हणाले, आणि त्याचे लायनर-पिस्टन आपल्या ओळखीच्या एका दुकानातून मिळवून दिले. झेटर आता चालू होतो, परंतु त्याचा हायड्रॉलिक अद्याप नांगर उचलीत नाही. दिवाळीच्या सुटीत तो उघडावयाचा आहे. मिस्त्रींनी तसा दिवस दिला आहे.