‘सुब्रतो’ कोणी जोडले?

परवा एका शब्दापाशी माझी लेखणी अडली. जबलपुरात, घमापुरातील आमच्या घरी मी ‘सुब्रतो’ विमानावरील मजकुराचा अनुवाद करीत बसलो होतो. कानपूर येथे हवाई दलाच्या कारखान्यात तयार झालेल्या या पहिल्या अ‍ॅव्हरो-७४८ ने १ नोव्हेंबर १९६१ रोजी आकाशात झेप घेतली. आदल्या वर्षी टोकियोत अकाली निधन पावलेले हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे नाव त्यास देण्यात आले होते.

आराखडा ब्रिटिश, सुटे भाग ब्रिटनहून आलेले, पंखे फिरविणारी दोन्ही डार्ट टर्बाइन इंजिने रोल्स-रॉइसची. मग यास ‘स्वदेशी’ कसे म्हणावे? मी लिहिले, ‘येथे जोडले गेलेले विमान’.

गन कॅरेज फॅक्टरीत फिटर म्हणून जन्म घालविलेल्या वडिलांनी कागद वाचला. म्हणाले, “जोडले गेले? आपोआप?”

मी ओशाळलो. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, ते एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग हवाई दलात साधे ‘हवाई शिपाई’ म्हणूनच शिरले होते. ‘सुब्रतो’पासून आरंभ होऊन कानपुरात अशी ८९ विमाने तयार झाली, त्यांतील १७ इंडियन एअरलाइन्सने प्रवासी वाहतुकीस घेतली.

‘स्वदेशी’ हा शब्द मी तरीही घातला नाही. असत्य वडिलांनाही रुचले नसते. केवळ वाक्यातील हरवलेला कर्ता परत आणला : ‘हे विमान कानपूरच्या कारागिरांनी जोडले.’

वडिलांनी कागद घडी करून माझ्या हाती दिला. दुरुस्ती सुचविली नाही.