केबलीचा खुंट

आमच्या गच्चीवर स्पर्धेच्या दिवसांत दोन बिनतारी केंद्रें थाटलीं जातात. एक पुतण्याचें, दुसरें त्याच्या मित्राचें. दोघेहि परवानाधारक हौशी, म्हणजे 'हॅम'. पुतण्या ७.१ मेगाहर्ट्झवर बोलूं लागला कीं मित्राच्या १४.२ वर नुसता कोलाहल! प्रक्षेपकांतून मूळ लहरीबरोबर दुप्पट कंपनांची क्षीण लहरहि निघते. दूरगांवीं ती कोणास जाणवत नाहीं, परंतु चार हातांवरच्या शेजाऱ्याचे कान बंद करण्यास पुरते. ही पोरांची कुरबूर म्हणून सोडून देतां येत नाहीं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानांतून हॅम मंडळींनींच निरोप पोंचविले होते. तसल्या वेळीं बुजलेला कान परवडत नाहीं.

यावर उपाय 'स्टब'. आम्ही त्यास खुंट म्हणतों. पुतण्या हंसतो, हंसो बापडा. एरियलकडे जाणाऱ्या केबलीस टी-जोडानें तशाच केबलीचा एक तुकडा आडवा लावावयाचा व त्याच्या टोंकाशीं मधली तार आणि भोंवतालची जाळी डाख देऊन एक करावयाची. लांबी ७.१ च्या लहरीच्या चतुर्थांशाएवढी असली कीं त्या लहरीस खुंट जणूं नसतोच; १४.२ ची मात्र त्यांत बरोबर अर्धी लहर भरते आणि तिची वाट तेथेंच खुंटते.

गणित सोपें. ३०० ला ७.१ नें भागिलें कीं लहर ४२.२५ मीटर, चतुर्थांश १०.५६. केबलींतील पॉलिथीनमुळें वेग प्रकाशाच्या ०.६६ पट उरतो, म्हणून ६.९७ मीटर. पुतण्यानें लगेच चाकू उचलला. आम्हीं त्याचा हात धरला. छापील गुणक म्हणजे सूत्र. प्रयोग निराळा असूं शकतो, आणि कापलेली केबल वाढत नाहीं!

प्रथम ७.२० मीटर घेतली, टोंक मोकळें ठेवलें व टी-जोडासह मापकयंत्रास लावली. मोकळ्या टोंकाच्या केबलींत चतुर्थांश लहरीपाशीं यंत्रावर खड्डा दिसतो, तो ६.९५ वर आला. म्हणजे हवी होती ७.०५ मीटर! गणितावर विसंबून कापली असती तर आठ सेंटिमीटर आंखूड होऊन दुसरा खड्डा १४.३६ वर, बँडच्याहि बाहेर, पडला असता. मग बोटभर, शेवटीं नखभर असें कापीत गेलों, १४.२ पाशीं एका सेंटिमीटरास सुमारें २० किलोहर्ट्झचा फरक पडतो. जाळी पिळण्यापुरती केबल राखून डाख दिला व पुन्हां मापिलें.

आतां मित्रास दूरदूरचीं केंद्रें ऐकूं येतात. तिप्पट कंपनांच्या २१.३ ला मात्र हा खुंट अडवीत नाहीं. तिच्यासाठीं निराळा खुंट करावा लागेल, आणि केबल संपली आहे.